एका खेपेला एकच त्रुटी

वकिलीची सनद देणाऱ्या कार्यालयात आमच्या काकांनी बत्तीस वर्षं अर्ज तपासले. त्यांची पद्धत ठरलेली होती: एका खेपेला एकच त्रुटी सांगायची. आधी फोटो बदलून आणायला लावायचा, तो आणला की प्रतिज्ञापत्रावरचा शिक्का पुसट आहे म्हणायचं, तो मारून आणला की साक्षीदाराची सही मागायची. "सगळं एकदम सांगितलं तर माणूस घाबरतो," म्हणे! मी त्यांची सख्खी पुतणी, तरी माझ्या सनदेसाठी मला पाच हेलपाटे घालायला लावले.

निवृत्तीनंतर काका स्वतःच कायद्याची परीक्षा पास झाले आणि छाती फुगवून त्याच खिडकीसमोर उभे राहिले. तिथे आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बाई बसतात. बाईंनी फोटो परत केला. दुसऱ्या खेपेला शिक्का पुसट निघाला. तिसऱ्या खेपेला चारित्र्याचा दाखला नातेवाइकाने दिलेला निघाला.

काका तणतणत थेट माझ्या ऑफिसात आले. "एकदम सांगायला तोंड दुखतं का हिचं? तिच्याविरुद्ध तक्रार ठोक!" त्यांनी चार पानी मजकूर माझ्या टेबलावर आपटला.

मी चष्मा लावला, चारही पानं सावकाश वाचली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"काका, यावर तारीख नाही. घालून उद्या या."

"बाकी सगळं ठीक आहे ना?"

"ते उद्या बघू."