युद्धाच्या नावावर लिहिलेलं पत्र

कारगिलचं युद्ध सुरू झालं तेव्हा मी बेळगावला ट्रेनिंगमध्ये होतो. रविवारी पत्रं लिहायला वेळ मिळायचा. गावाकडं जिच्यावर जीव जडला होता, तिच्या घरी पत्र धाडणं शक्यच नव्हतं, म्हणून ती कळंबला जिथं शिकायला जायची त्या शिवणक्लासवाल्या बाईंच्या पत्त्यावर आंतरदेशीय टाकायचो. वरच्या चार ओळी बाईंच्या ख्यालीखुशालीच्या, खालचं सगळं तिच्यासाठी. बाई वरचं वाचायच्या आणि पत्र मुकाट्यानं तिच्या पिशवीत सरकवायच्या.

परेड, पायाचे फोड, उस्तादाच्या शिव्या, सगळं कळवायचो. शेवटी एकच: माझी वाट बघ.

मग वडलांचं पत्र आलं. मामानं त्याची मुलगी मला देऊ केली होती आणि वडलांनी शब्द देऊन टाकला होता. शत्रूवर चाल करायला शिकत होतो, पण मामाला नाही म्हणायची छाती झाली नाही. त्या रविवारी तिला लिहिलं, आमची तुकडी सीमेवर निघाली, जगण्या-मरण्याचा भरवसा नाही, माझ्यासाठी थांबू नकोस.

आम्ही कुठंच निघालो नव्हतो. ट्रेनिंग निम्मंसुद्धा झालं नव्हतं. युद्ध संपलं, आणि पहिल्या सुट्टीला मी गावी आलो तो हळद लावून घ्यायला.

गेल्या उन्हाळ्यात भूमला एका लग्नात ती भेटली. पंगत उठल्यावर मांडवाच्या कडेला बसून पोराबाळांची चौकशी झाली. मग ती म्हणाली, "तुमचं मन लई मोठं. मरणाच्या दारात उभं राहून मला मोकळं केलंत. म्या तवा तुळजाभवानीला बोलले होते, तुम्ही माघारी येस्तोवर पायात चप्पल घालणार न्हाय. तुम्ही गावात आल्याचं कळलं, तवाच घातली."

गप्प बसलो असतो तर तिच्या नजरेत मोठाच राहिलो असतो. पण सांगून टाकलं. सीमा खोटी, तुकडी खोटी, मामाची मुलगी तेवढी खरी.

तिनं पायातल्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाली, "चिखलातनं, काट्यातनं चालले म्या. अन् तुम्ही तिथं बुटं घालून कवायत करत व्हता."

"व्हय," मी म्हणालो.

"बायकोला ठावं हाय?"

"न्हाय."

"मग तिलाबी सांगा. मला एकटीला सांगून मोकळं होऊ नका."

तिनं माफ केलं नाही, मी माफी मागितलीही नाही. पण सांगितलं ते बरं केलं, याबद्दल मनात शंका नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको ज्वारी पाखडत होती. तिच्या हातातलं सूप घेऊन खाली ठेवलं. "बस जरा," म्हणालो. "तुझ्या वडलांना मला एकदा नाही म्हणायचं होतं."