सोपाऱ्याच्या दगडावरचा चाकर

वेंगुर्ल्याकडच्या एका ड्रायव्हरचा अपमान झाला. १९८३च्या मे महिन्यातला दुसरा शुक्रवार, दुपारी साडेबारा, आखाती देशात झिंज नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटचा जिना. केळीचे खांब, पाट, शिऱ्याचं पातेलं, सगळं त्यानेच तीन मजले चढवून आणलं होतं. आत सत्यनारायण सुरू झाला आणि साहेब त्याला म्हणाले, "तू बाहेरच थांब. ड्रायव्हर लोकांचं मागाहून बघू."

मी त्याच साहेबांच्या हाताखाली, मीना सलमान बंदरावरच्या गोदामात कारकून. गावाकडे चळवळीची पत्रकं लिहून हात तयार झालेला. पूजा झाली की मुलांना मराठीतून एखाद्या जुन्या राजाबद्दल सांग, असं साहेबांच्या बाईंनी मला बजावलं होतं. आरती संपताच मी जिन्यात ड्रायव्हरमामांकडे गेलो.

"मामा, आज सगळ्यांसमोर यांची सालटी काढतो."

"काढ रे. पण माझो व्हिसा तेंच्या हातात हा. तुझां भाषण तुका, नि घराक जावचां तिकीट माका."

पूजेत बसून साहेबांसाठी लिहिलेला शिव्यांचा कागद खिशात ठेवला आणि आत जाऊन फक्त राजाचं सांगितलं. कलिंगात लाखभर माणसं मारून पस्तावलेला मौर्य राजा. आपला धम्म त्याने खडकांवर कोरून ठेवला. नवव्या लेखात तो म्हणतो, आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं फळ देणारा विधी म्हणजे दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणं, गुरूंचा मान, जिवांवर दया, श्रमण आणि ब्राह्मण दोघांनाही दान.

ज्याच्या एका हुकमाने देशातल्या पूजा बंद पडल्या असत्या, तो 'करू नका' असंही म्हणत नाही. आणि यादीत चाकर पहिला, गुरू त्याच्या मागे. इतकी पत्रकं लिहिली मी, असं एक वाक्य मला कधी जमलेलं नाही.

साहेब म्हणाले, "हे राजकारण गोदामात ठेव."

"राजकारण नाही, साहेब. या लेखाचा फुटका तुकडा सोपाऱ्याजवळ सापडलाय."

"आमच्या सोपाऱ्याजवळ?" बाई वसईच्या. "तिथेच वाढले मी. कुणी कधी सांगितलं नाही."

त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. "भाऊ, आत या. पहिलं पान तुमचं."

मामा उंबऱ्यावरच थांबले, साहेबांकडे बघत. नोकरी तिथे टांगलेली होती. शेवटी साहेबांनी स्वतःचा पाट पुढे सरकवला. "बसा."

दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला राजा समुद्र ओलांडून एका माणसाला जेवायला बसवतो.

आता तुमचं. पुढच्या पूजेला, पोथी उघडायच्या आधी, तुमचं सामान ज्याने वाहिलं त्याला आत घ्या. कुणाला पाठवू नका. स्वतः उठा आणि बोलवा.