दोनदा मोजलेला माणूस

अनू, ईशान — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांना तर मी पोस्टाच्या रांगेतलं भांडणसुद्धा सांगायची.

गेल्या रविवारी अनू अमेरिकेहून फोनवर म्हणाली, "आजी, गंमत सांगू? आमचा एक प्रेसिडेंट दोनदा मोजलाय." निवडून आला, पुढच्या वेळी हरला, चार वर्षांनी परत आला, म्हणून बाविसावाही तोच आणि चोविसावाही तोच. मी म्हणाले, "हो का? मला नव्हतं माहीत."

मला माहीत होतं. बारा वर्षांपासून — अठ्ठ्याण्णव सालातल्या एका शनिवारच्या दुपारपासून.

तेव्हा मी महाडला शाळेत इंग्रजी शिकवत होते. सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न माझे, उत्तरांची कार्डं माझी, निकालावर सहीही माझी. बाईंचं कधी चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. त्या वर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीची पुण्याला वसतिगृहात राहून शिकायची सोय होणार होती.

शेवटी दोघी बरोबरीत राहिल्या. एक डॉक्टरांची मुलगी. दुसरी मंदा — नववीतली, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीची, महाडला मावशीकडे राहणारी. वडील मुंबईत एका ऑफिसात शिपाई. ते म्हणाले होते, पुण्याला नंबर लागला तर शिक, नाहीतर चैत्रात लग्न. हे मला ठाऊक होतं का? होतं. तिनेच सांगितलं होतं, हसत हसत.

शेवटचा प्रश्न मी विचारला — आजवर किती जण अमेरिकेचे अध्यक्ष झाले? माझ्या कार्डावर बेचाळीस. डॉक्टरांची मुलगी बेचाळीस म्हणाली. मंदा उभी राहिली. "एक्केचाळीस, बाई. आताचा बेचाळिसावा हाय, पण माणसं एक्केचाळीसच. एक जण दोनदा मोजलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाडीवरची शेरडं मोजतेस काय गो?" सगळे हसले. मी? मीही हसले. आणि तिचं उत्तर चूक ठरवलं.

नंतर ती भूमितीचं पुस्तक घेऊन आली. वडील ऑफिसातली जुनी इंग्रजी मासिकं आणायचे, त्यांच्या पानांची ती पुस्तकांना कव्हरं घालायची. या पानावर सगळ्या अध्यक्षांची यादी होती, आणि एकच नाव दोन ठिकाणी होतं. रोज बघून तिला ती पाठ झाली होती. मी म्हटलं, पुस्तक राहू दे माझ्याकडे, तपासून सांगते.

तपासलं. शनिवारी, शाळा सुटल्यावर, ग्रंथालयातल्या जाडजूड ज्ञानकोशात. ती बरोबर होती. निकाल सोमवारी पुण्याला पाठवायचा होता. एक ओळ बदलायची होती, एवढंच. घाबरले होते का मी? नाही — कुणाला घाबरणार? मला फक्त 'माझं चुकलं' असं म्हणायचं नव्हतं.

आणि मग मी जे केलं — इथे माझा हात अडतो — मी ते कव्हर काढून घेतलं. खाकी कागद आणला. कोपरे नीट दुमडून नवं कव्हर घातलं, लेबल चिकटवलं, वर माझ्या वळणदार अक्षरात तिचं नाव लिहिलं. सोमवारी पुस्तक परत देताना म्हणाले, "बेचाळीसच बरोबर आहे. मासिकात काहीही छापतात."

तिने त्या खाकी कव्हरावरून हात फिरवला. "थँक्यू बाई," म्हणाली.

चैत्रानंतर ती शाळेत आली नाही.

मागच्या वर्षी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर भेटली. मी ओळखलं नाही, तिनेच ओळखलं. डोक्यावरची पाटी खाली ठेवून पाया पडली. बरोबर आठ-नऊ वर्षांची लेक होती. तिला म्हणाली, "पाया पड गो. ह्या माझ्या बाई. ह्यांचं कधी चुकत नाय."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी मुलीची इयत्ता विचारली. तिसरी. मग माझी गाडी लागली.

ते पान माझ्याकडे आहे — कपाटाच्या दुसऱ्या खणात, निळ्या फायलीत. पुस्तकाच्या कडांच्या घड्या त्यावर अजून आहेत. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, मंदा, नववी ब. मी ते अधूनमधून काढते आणि नावांवर बोट ठेवत मोजते. दर वेळी माणसं एक्केचाळीसच भरतात.