तोंड उघडायची वेळ

सकाळभर धुकं हटलं नव्हतं आणि वाळत घातलेले कपडे दमटच राहिले होते. इस्त्रीवाल्या ताईनं त्यातल्या त्यात बऱ्या चादरी निवडल्या, इस्त्री तापत ठेवली आणि दोन कपांत चहा ओतला. धाकट्या भावाचा कप मात्र तिनं आपल्याच बाजूला ठेवून घेतला.

भाऊ चाळिशीचा, समज लहान मुलाची. बोलायला लागला तोच मुळी उशिरा. मग त्याचे शब्द ताईनं दुकानात राबवून राबवून टिकवले. गिऱ्हाईक आलं की तोच विचारायचा, "किती कपडे? कधी पाहिजेत?" ओळखीचं असलं तर वर चेष्टेनं, "परत जाळू का शर्ट?"

उन्हाळ्यात ताईच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तो मावशीकडे राहिला. मावशीनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. भूक लागायच्या आत ताट, तहान लागायच्या आत पाणी. "तोंड उघडायची वेळ येऊ दिली नाही गं लेकराला!" ती कौतुकानं म्हणाली. तिच्या मायेला ताई कोणत्या तोंडानं नावं ठेवणार? भाऊ अंगानं भरून परत आला, पण त्याचं बोलणं गेलं होतं.

त्याच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी बजावलं होतं, आयतं हातात देऊ नकोस, मागू दे. ताईलाही कळत होतं. उद्या आपण नसलो, तर परक्या माणसांना भूक लागली एवढं तरी त्याला सांगता यायला हवं.

"काय पाहिजे तुला?"

त्यानं तिचं मनगट धरून कपाकडे ढकललं.

"हाताला नको, मला सांग. च..."

तेवढ्यात रोजचा ड्रायव्हर कपडे घेऊन आला. "काय शेठ, आज जाळणार का शर्ट?"

भाऊ ताईच्या पाठीमागे सरकला.

"अगं ताई, दे की कप! एवढी कसली कंजुषी?"

"मागू दे त्याला," ताई म्हणाली. आवाज तिचाच फाटला.

भावानं तोंड उघडलं. ओठ थरथरले, मानेची शीर फुगली, डोळे भरून आले. हट्ट नव्हता तो. तो आत शोधत होता आणि हाताला काही लागत नव्हतं. त्यानं ताईकडे असं पाहिलं, जणू तो शब्दही तिनंच उचलून ठेवलाय आणि मागूनही देत नाही.

तिच्यानं राहवलं नाही. "घे बाबा. गार झाला."

तो घटाघटा प्यायला.

ड्रायव्हर कपडे ठेवून गेला. ताईनं डोळे पदराला पुसले, वरचा शर्ट पसरला, पाणी शिंपडलं आणि कॉलरवरून इस्त्री फिरवायला घेतली.