माझ्या अंगणात तेल लागलं तेव्हा

हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. मागं एकाला हे सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा बाहेर आला!

आता काय सांगू तुम्हाला, माणूस स्वतःची फजिती करून घेतो म्हणजे किती करून घेतो?

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झालेला. साहेब आले होते, त्यांच्या खुर्च्या यायच्या होत्या. दुष्काळ मात्र जुनाच. मी किनवटकडचा, जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या खात्यात नुकताच लागलेलो. गावोगाव फिरायचं आणि बोर कुठं पाडायची ती जागा दाखवायची, हे माझं काम.

खात्याला जीप एकच, ती साहेबांची. म्हणून मी एक जुनी फटफटी घेतली होती. मागच्या दुष्काळात बोर पाडायला आलेले परदेशी लोक ती इथंच टाकून गेलेले. उंच, हडकुळी, रस्ता सोडून माळरानावरून उड्या मारत जायला बनवलेली. पण धक्के झेलणारा तिचा मागचा शॉकअप पार गेलेला. खड्डा आला की कळ माकडहाडातून निघायची ती थेट टाळूला!

आणि सोमवारी साहेबांना तिच्यावरूनच शिरूर अनंतपाळकडच्या एका गावाला न्यायचं होतं. तिथं जीप जातच नव्हती.

साहेब म्हणाले, "माझ्या कंबरेला काही झालं ना, तर तुझ्या नोकरीलाही काहीतरी होईल."

मेकॅनिककडं गेलो. त्यानं वाकून बघितलं आणि हात झटकले. "साहेब, ह्ये आपल्यातलं न्हाई."

मग काय? रविवारी सकाळी अंगणात मीच बसलो. ऑफिसातून बोरवर उभा करतात तो तीन पायांचा लोखंडी तिवडा आणला, साखळीनं फटफटीचा मागचा भाग वर टांगला आणि शॉकअप काढला. हातभर लांब नळकांडं ते. आत तेल असतं आणि तेलावर दाबून भरलेला वायू; बसणाऱ्याचा भार तोच पेलतो. वायू आधी सोडायचा, मगच झाकण उघडायचं. हे मला आज माहीत आहे!

फटफटीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात ते लाल चौकटीत लिहिलेलं होतं. पण लाल चौकटीत जाहिरात असते, असा माझा समज. मी पान उलटलं.

पान्हा लावला. एक आटा फिरला, दुसरा फिरला… आणि धाड्!

झाकण उडून पत्र्यावर गेलं. तेलाची चिळकांडी माझ्या कानाजवळून वर गेली आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर पडली. ही साडी माझ्या बायकोची, शोभाची. ती शाळेत शिक्षिका. धुण्यासाठी दोन घागरी पाणी तिनं आठवडाभर राखून ठेवलेलं.

मी ओरडलो, "शोभा! अगं, तेल आलं! बापरे, काय जोर हाय!"

भिंतीपलीकडं सोजरबाई राहायच्या. महिनाभर माझ्या मागं लागलेल्या, "साहेब, आमच्या आळीत बोर कवा पाडता?" त्यांना भिंतीवरून तिवड्याचं टोक सकाळपासून दिसत होतं. आता त्यांचं डोकं वर आलं.

"काय लागलं म्हनता?"

"तेल हो, तेल!"

"आगं माय! किती फुटांवर?"

मला वाटलं, चिळकांडी किती उंच गेली ते विचारताहेत. "धा-बारा फूट असंल की!"

"एवढ्या वरच? अजून हाय का आत?"

"हाय थोडं. सगळंच काढतो आता."

साडीकडं बघून माझा जीव अर्धा झालेला. शोभा दाराशी येऊन उभीच होती. मी सोजरबाईंना हात जोडले, "बाई, तेवढं कुणाला सांगू नका."

झालं! 'कुणाला सांगू नका' म्हणण्यापेक्षा मी दवंडी दिली असती तर बातमी हळू गेली असती.

तासाभरात अंगणात माणूस मावेना. घासलेटची टंचाई होतीच, त्यामुळं जो तो डबा घेऊन आलेला. एकानं तर हंडा आणला! घरमालक आले ते छाती पुढं काढून. "जागा आमची हाय बरं का, ध्यानात ठेवा."

मी सांगून राहिलो, "अहो, तसलं तेल न्हाई ते!"

"मग खायचं हाय का?"



तेवढ्यात जीप थांबली. साहेब उतरले, लालबुंद. "खात्याला न कळवता खोदकाम? आणि सापडलं ते मला बाजारात कळतं?"

"साहेब, ऐकून तर घ्या…"

ऐकतात कसले! खाली बसले. तेलानं काळी झालेली माती चिमटीत धरली, चोळली, हुंगली. गर्दी श्वास रोखून बघत होती. साहेब डोळे मिटून म्हणाले, "शंकाच नाही. खनिज तेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

शेवटी शोभाच पुढं आली. एका हातात ते रिकामं नळकांडं, दुसऱ्या हातात साडी. "हे ह्यातनं आलं, ह्याच्यावर पडलं. जमिनीचा काही संबंध नाही."

साहेबांनी चिमटीतली माती हळूच सोडून दिली आणि बोटं रुमालाला पुसली. डबेवाले माझ्याकडं असे बघत होते, जणू मीच त्यांचं घासलेट पिऊन टाकलं.

अब्रू वाचवायला मी म्हणालो, "थांबा साहेब, दहा मिनिटांत जोडून दाखवतो. उद्याची चिंता नको." सगळ्यांसमोर आणून ठेवलेलं नवं सील घातलं, तेल ओतलं, झाकण आवळलं, शॉकअप चढवला आणि साखळी सोडली. वायूचं काय? तो माझ्या ध्यानातच नव्हता!

"बसा साहेब."

साहेब बसले. फुस्स्स… असा लांबलचक आवाज झाला आणि फटफटी साहेबांना घेऊन मागून हळूहळू खाली गेली, ती खालीच राहिली. म्हैस पाण्यात बसते ना, अगदी तशी. साहेबांचे पाय जमिनीला टेकले, गुडघे छातीशी आले. तशा अवस्थेत ते मला एवढंच म्हणाले, "उद्या आपण चालत जाऊ."

कुणाला हसावं कळेना. तेवढ्यात सोजरबाई पदर सावरत पुढं आल्या आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "साहेब, राग नगा मानू. पर हातभर नळीच्या पोटात काय हाय ते तुमाला कळंना, मग दोनशे फुटांखालचं पानी तुमी आमाला कसं दावता?"

सगळी आळी हसली. आणि सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? शोभा!