टॉवरवरून दिसलेला धूर

रोहणा गावात माझ्या घरामागे मोबाइलचा टॉवर आहे. त्याची देखभाल करणारा माणूस महिन्यातून दोनदा येतो. टॉवरच्या लोखंडाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय तो वर चढत नाही, आणि बोलताना नजर माझ्याकडे नाही, वरच असते. तो मला गुरुजी म्हणतो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

यंदा त्यानं वर गोल, माठाएवढा अँटेना बसवला. "याच्या पोटात भिंग हाये, गुरुजी. एकातूनच रेंजचे पाच झोत निघते, पाची दिशेले."

पाचवा झोत मात्र बंद ठेवायचा होता. कंपनीच्या नकाशात तिकडे नुसती शेतं होती.

उतरल्यावर तो तडक माझ्याकडे आला. "गुरुजी, तिकडं धूर दिसते. कोन राह्यते?"

"कोलामांचा पोड आहे, आदिवासी वस्ती. दहाएक घरं. मागच्या वर्षी एका बाईला साप चावला, तर फोन लावायला तिचा नवरा इथवर पळत आला."

"वाचली?"

"नाही."

त्यानं साहेबांना फोन लावला. "नकाशा चुकला साहेब, तिथं मानसं राह्यते. झोत चालू करू द्या, नाईतर काम झाल्याच्या कागदावर मी सही नाई करत." पलीकडचा आवाज चढला. यानं तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हटलं. शेवटी साहेब हो म्हणाले.

झोत चालू करून तो स्वतः पोडावर चालत गेला. तासाभरानं माझा फोन वाजला. एक म्हातारी कोलामी बोलीत मोठमोठ्यानं बोलत होती. मला एक शब्द कळत नव्हता. मागून तो विचारत होता, "गुरुजी, आवाज येऊन राह्यला ना?"

येत होता, अगदी स्वच्छ. "येतोय," मी म्हणालो, "आजींना बोलू द्या."