बाबांना हवा असलेला उतारा

मी अमरावतीला शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मी कॅथलिकांसाठी असलेला बायबलचा ऑनलाइन कोर्स घेतला. त्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा शब्द टाकला, की तो असलेले सगळे उतारे समोर येतात. अकोल्याला माझे बाबा राहतात. आयुष्यभर त्यांनी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं, पण आता त्यांना फारसं आठवत नाही. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"तुह्या मायच्या मातीच्या दिवशी म्या वाचलं होतं, ते वाच," ते म्हणाले.

"त्यात काय होतं, बाबा?"

"पाणी होतं."

मी 'पाणी' टाकलं. शेकडो ओळी आल्या. विहिरीच्या, समुद्राच्या, खडकातून फुटलेल्या झऱ्याच्या. मी एकेक वाचत गेले आणि प्रत्येक वेळी ते मान हलवत राहिले.

"हे नाही वं."

त्या दिवशी दफनभूमीत मी त्यांच्या शेजारीच उभी होते. पण इतकी रडत होते, की एक शब्दही कानात शिरला नव्हता.

दुपार उलटली. माझा घसा बसला. बाबांनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "तुले नाही सापडत, मले नाही आठवत."

आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले.